पाटीवरचं गाव

पवनारच्या शाळेची सहल निघाली की धाम नदी मागे टाकून सेलू, केळझर, बुटीबोरी करत दुपारच्या डब्याआधी नागपूरच्या महाराजबागेत पोचते. ही मूळ भोसल्यांची बाग. १८९४ साली तिथं प्राणिसंग्रहालय सुरू झालं आणि आज ते डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. विदर्भातल्या कित्येक आजोबांनी आयुष्यातला पहिला वाघ इथंच पाहिला आणि त्यांच्या नातवंडांनीही. पिंजऱ्यापुढे उभं राहिलं की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा कुठून आणला? गुरुजी पाटी वाचून सांगतात. आफ्रिका. दक्षिण अमेरिका. ऑस्ट्रेलिया.

पण पाटीवर लिहिलेलं असतं ते त्या जातीचं गाव. पिंजऱ्यातला प्राणी कुठं जन्मला, त्याची आई कोण, तो कुणाकडून कुणाकडे गेला, यातलं काहीच पाटी सांगत नाही. प्राणिसंग्रहालयातले बहुतेक परदेशी सस्तन प्राणी आज दुसऱ्या एखाद्या प्राणिसंग्रहालयातच जन्मलेले असतात. त्यांचं खरं गाव शोधायचं तर कागद हुडकावे लागतात, आणि कागद नसले तर रक्त तपासावं लागतं.

कागदावरून गाव शोधणं पवनारला नवं नाही. विनोबा १९३८ साली धाम नदीकाठी परमधाम आश्रमात राहायला आले. तिथल्या जमिनीत खणताना जुनी शिल्पं सापडू लागली. त्यांतली राम-भरत भेटीची मूर्ती तर आश्रमाची ओळखच झाली. हे दगड कुणाच्या काळातले, याचं उत्तर शोधताना महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे ताम्रपट आणि जमिनीतले अवशेष ताडून पाहिले आणि दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार, असं मत मांडलं. काही अभ्यासक प्रवरपूर मनसरला होतं असं मानतात. तो वाद अजून मिटलेला नाही. इथं महत्त्वाची आहे ती ताम्रपटांची रीत. दान काय आणि कुणाला, हे सांगण्याआधी ते राजाची वंशावळ सांगतात: हा अमक्याचा मुलगा, तो तमक्याचा. दानाचा खरेपणा त्या वंशावळीवर उभा असतो. प्राणिसंग्रहालयांना ही गोष्ट कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

त्याआधी प्राण्यांचा प्रवास नोंदला जायचा तो नजराणा म्हणून. अशा सगळ्यांत गाजलेल्या प्रवासाची सुरुवात आपल्या गोव्यातून झाली. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द आल्बुकर्क याला एक गेंडा भेट दिला. आल्बुकर्कनं तो आपल्या राजाकडे, पहिल्या मॅन्युएलकडे, पाठवायचं ठरवलं. जानेवारी १५१५ मध्ये गलबत गोव्याहून सुटलं, आफ्रिकेला वळसा घालून २० मे रोजी लिस्बनला लागलं. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कुणी पाहिलेला नव्हता. राजानं त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळून गेला. पुढे राजानं हा गेंडा पोप दहावा लिओ याला भेट म्हणून पाठवला. इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडालं. साखळदंडानं जखडलेलं ते जनावर पोहणार तरी कसं? तेही बुडालं.

न्यूरेम्बर्गमध्ये बसलेल्या आल्ब्रेख्त ड्यूररनं हा गेंडा कधी पाहिला नाही. लिस्बनहून आलेलं पत्र आणि एक रेखाटन यांवरून त्यानं लाकडी ठसा कोरला. गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे चढवले आणि मानेमागे एक जादा शिंग लावलं. पुढची दोन-अडीच शतकं युरोपातली पुस्तकं गेंडा म्हणून हेच चित्र छापत राहिली.

पुण्यातही एक गेंडा होता, आणि त्याचा चित्रकार त्याच्यासमोर बसला होता. पेशव्यांच्या पदरी वाघ, चित्ते, हरणं बाळगलेला शिकारखाना होता. सवाई माधवरावांना तर प्राण्यांचा विशेष नाद. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयानं काम करणाऱ्या गंगाराम चिंतामण तांबट या मराठी चित्रकारानं नोव्हेंबर १७९० मध्ये पेशव्यांच्या संग्रहातला गेंडा काढला. त्यात जादा शिंग नाही की चिलखत नाही; कातडीच्या घड्या जिथं असतात तिथंच आहेत. हे चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहे. मराठी माणसाच्या हातून उतरलेलं, तारखेसकट असलेलं एका बंदिस्त प्राण्याचं हे अस्सल टिपण महाराष्ट्रात फारसं कुणाला ठाऊक नसावं, याची हळहळ वाटते. पाठ्यपुस्तकात ड्यूररशेजारी तांबटांचा गेंडा छापला तर मुलांना पाहणं आणि ऐकीव माहिती यांतला फरक एका पानात कळेल.

संस्थानांच्या काळात परदेशी जनावरं पैसे मोजून येऊ लागली. कोल्हापूर दरबार काळवीटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळायचा. देशी चित्ते मिळेनासे झाले तसे ते आफ्रिकेतून आणवले गेले. म्हणजे कोल्हापूरकरांनी कौतुकानं पाहिलेले चित्ते सगळे इथलेच होते असं नाही. भारताच्या रानातले शेवटचे ज्ञात तीन चित्ते १९४७ च्या सुमारास आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानच्या राजानं मारले. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात आठ चित्ते आले तेव्हा आफ्रिकी चित्ता भारतात आणल्याची मोठी चर्चा झाली. कोल्हापूरच्या चित्तेवानांच्या घरांना त्यात काही नवल वाटलं नसेल.

वंशावळ लिहायची गरज युरोपाला पटली ती एका प्राण्याच्या मरणघटकेला. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातला रानटी बायसन जंगलातून संपला. १९२०च्या दशकात प्राणिसंग्रहालयांत आणि खासगी राखीव रानांत ज्यांचं कूळ माहीत आहे असे जेमतेम ५४ उरले होते, आणि तेही अवघ्या बारा पूर्वजांची संतती. कुणाशी कुणाची जोडी लावायची हे नोंदीशिवाय ठरवणं अशक्य होतं. म्हणून १९३२ साली बायसनचं स्टडबुक, म्हणजे वंशावळीची वही, छापलं गेलं. रानटी प्राण्याच्या जातीसाठी केलेलं ते पहिलं. प्रत्येक जनावराला क्रमांक, आई-बाप, जन्म, बदली, मृत्यू. आज बायसन पुन्हा पोलंड-बेलारूसच्या जंगलात फिरतात, ते या वहीमुळं.

वही नसली तर काय होतं, हे आपल्या सिंहांनी भोगलं. चंदीगडजवळच्या छतबीड प्राणिसंग्रहालयात सर्कशीतल्या आफ्रिकी रक्ताच्या सिंहांचा आशियाई सिंहांशी संकर झाला. पिल्लं झाली, वाढली, आणि मग कळलं की हे ना गीरचे ना आफ्रिकेचे. अखेर त्यांची वीण थांबवावी लागली. अमेरिकेतही तेच झालं. तिथल्या आशियाई सिंहांच्या प्रजनन कार्यक्रमाची रक्ततपासणी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा पाच मूळ सिंहांपैकी दोघांचं रक्त आफ्रिकी निघालं. वर्षानुवर्षं सांभाळलेला सगळा कळप त्यामुळं संवर्धनाच्या हिशोबातून बाद झाला. सिंहांचा यात काही दोष नव्हता. त्यांना कुणी तरी, कधी तरी, चुकीची पाटी लावली होती.

पांढऱ्या वाघाची गोष्ट उलटी. तिथं कूळ पक्कं ठाऊक आहे, आणि म्हणूनच ती अस्वस्थ करते. १९५१ साली रीवाच्या महाराजा मार्तंडसिंहांनी पकडलेला बछडा म्हणजे मोहन. साध्या वाघिणीपासून त्याला पांढरी पिल्लं होईनात, म्हणून त्याची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी, लावली आणि १९५८ मध्ये पांढरे बछडे जन्मले. जगभरच्या बंदिस्त पांढऱ्या वाघांत मोठा वाटा याच घराण्याचा. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातही पांढऱ्या वाघापुढे गर्दी हटत नाही. पण पांढरा वाघ ही वेगळी जात नव्हे. एका जनुकातल्या बदलानं पिवळा रंग गेलेला तो आपला पट्टेदार वाघच. रंग टिकवायला नात्यातच जोड्या लावल्या गेल्या आणि तिरळे डोळे, दुबळी पिल्लं त्या वंशाच्या वाट्याला आली.

आता कागदांची शिस्त बरीच आली आहे. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं, आणि देशातल्या प्राणिसंग्रहालयांना मान्यता, नोंदी, अदलाबदलीची परवानगी हे सारं बंधनकारक झालं. त्याआधी १९७३ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या एका सामायिक नोंदणी संस्थेत आज जगभरची प्राणिसंग्रहालयं आपापल्या प्राण्यांची माहिती भरतात. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात. तिच्यातला क्रमांक वाचला की जनावराची फाईल उघडते.

खरी अडचण खासगी घरांत आहे. परदेशी इग्वाना, मार्मोसेट माकडं, शुगर ग्लायडर, अजगरांच्या जाती बाजारात विकल्या जातात आणि विकणारा एकच वाक्य म्हणतो, हे इथंच जन्मलेलं आहे. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांत असे जीव मुंबई विमानतळावर वारंवार सापडतात, काही गुदमरून मेलेले. जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं लोकांना परदेशी प्राणी स्वेच्छेनं जाहीर करण्याची सवलत दिली आणि सहा महिन्यांत जाहीर करणाऱ्यांकडे कागद मागितले नाहीत. माणसं पुढे यावीत हा हेतू समजण्यासारखा आहे. पण त्या सवलतीनं चोरून आणलेला आणि इथं जन्मलेला असे दोन्ही जीव एकाच वहीत शेजारी बसले, ही तिची मोठी उणीव. वन्यजीव कायद्यातली २०२२ची दुरुस्ती आणि २०२४चे नोंदणी नियम यांमुळं आता जन्म, मृत्यू, हस्तांतर कळवणं भाग आहे. तरी हौस ओसरल्यावर माणसं काय करतात, हे शहरातल्या तलावांत दिसतं. गालावर लाल पट्टा असलेली कासवं दगडावर ऊन खात बसलेली असतात. त्यांचं मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यात.

मुंबईच्या राणीच्या बागेत मात्र एका परदेशी पाहुण्याचा प्रवास टप्प्याटप्प्यानं सांगता येतो. हम्बोल्ट पेंग्विन मूळ पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, तिथल्या थंड सागरी प्रवाहाच्या आधारानं जगणारे. जुलै २०१६ मध्ये भायखळ्याला आलेले आठ पेंग्विन मात्र दक्षिण कोरियातल्या सोलच्या मत्स्यालयातून आले होते. त्यांतली डोरी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दगावली आणि मुंबईत मोठी ओरड झाली. १५ ऑगस्ट २०१८ रोजी जन्मलेलं पहिलं पिल्लू आठवडाभरच जगलं. मग २०२१ मध्ये ओरियो आणि ऑस्कर जन्मले आणि तगले. काचेबाहेरच्या पाटीवर पेरू आणि चिलीचा नकाशा आहे. या दोघांच्या नोंदीत जन्मठिकाणापुढे लिहायचं गाव एकच आहे: भायखळा, मुंबई.