माउंट वॉशिंग्टन: एका उपनगराचा लॅक्रॉस क्लब

1967 साली कॅनडाच्या शताब्दीनिमित्त टोरोंटोत पुरुषांची पहिली जागतिक लॅक्रॉस स्पर्धा भरली. कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका असे चारच संघ होते. त्यातला अमेरिकेचा संघ म्हणजे बाल्टिमोरच्या वायव्येकडच्या एका वस्तीचा क्लब होता. माउंट वॉशिंग्टन लॅक्रॉस क्लब हे त्याचं नाव, आणि स्पर्धाही त्यानेच जिंकली. एका उपनगरातल्या हौशी मंडळींवर देशाचं नाव सोपवलं जावं, इथपर्यंत हा क्लब कसा पोचला, त्याची ही हकीकत.

खेळ कसा, आणि कोणाचा

लॅक्रॉसमध्ये प्रत्येक खेळाडूच्या हातात टोकाला जाळी असलेली काठी असते. त्या जाळीत भरीव रबरी चेंडू झेलायचा, काठी हलवत तो सांभाळून पळायचं आणि सहा फूट रुंद, सहा फूट उंच गोलात मारायचा. आज पुरुषांच्या मैदानी खेळात संघात दहा खेळाडू असतात. 1933 पूर्वी अमेरिकेत बारा असत. वेग हॉकीसारखा, पण चेंडू बहुतेक वेळ जमिनीवर नसून हवेत किंवा जाळीत असतो. अंगाला अंग भिडण्याची मुभा असल्यामुळे शिरस्त्राण आणि जाड हातमोजे लागतात.

हा खेळ उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांचा. होडेनोशोनी, म्हणजे ज्यांना बाहेरचे लोक इरोक्वॉय म्हणत त्या सहा राष्ट्रांच्या संघात, तो सृष्टिकर्त्याला अर्पण केलेला खेळ मानतात आणि आजाऱ्याला बरं वाटावं म्हणूनही खेळतात. हिकरी झाडाचं लाकूड वाफेवर वाकवून काठी घडवण्याची विद्याही त्यांचीच. एकोणिसाव्या शतकात मॉन्ट्रियलच्या गोऱ्या तरुणांनी हा खेळ उचलला आणि जॉर्ज बीअर्स या दंतवैद्याने त्याचे नियम लिहून काढले. पुढे 1880 मध्ये कॅनडाच्या लॅक्रॉस संघटनेने मूळनिवासी संघांना ‘व्यावसायिक’ ठरवून हौशी अजिंक्यपद स्पर्धांतून बाहेर काढलं. ज्यांच्याकडून खेळ शिकले, त्यांनाच मैदानाबाहेर उभं केलं. या खेळातल्या कुठल्याही क्लबचा इतिहास वाचताना हे विसरून चालणार नाही.

बाल्टिमोरला लागलेलं वेड

1878 साली बाल्टिमोर ॲथलेटिक क्लबची काही मंडळी धावण्याच्या शर्यतींसाठी ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्टला गेली होती. तिथे त्यांनी लॅक्रॉसचा सामना पाहिला आणि त्याच वर्षी आपल्या शहरात न्यूइंग्टन पार्कच्या मैदानावर तो खेळून दाखवला. 1883 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा संघ उभा राहिला. हळूहळू शहरातल्या खासगी शाळांनीही खेळ घेतला. त्यामुळे मुलगा आधी शाळेकडून आणि मग विद्यापीठाकडून खेळणार, अशी साखळी तयार झाली. या साखळीत एकच कडी कमी होती. पदवी हातात पडली की बावीस-तेवीस वर्षांच्या, अगदी भरात असलेल्या खेळाडूने काठी खुंटीला टांगायची. पैसे देणारी स्पर्धा नव्हती आणि दुसरं मैदानही नव्हतं.

ही कडी माउंट वॉशिंग्टनने जोडली.

रेल्वेने वसवलेली वस्ती

जोन्स फॉल्स नावाच्या छोट्या नदीच्या खोऱ्यात 1810 च्या सुमारास एक सूतगिरणी उभी राहिली. तिच्या आसपास कामगारांची वस्ती झाली. खोऱ्यातून लोहमार्ग गेल्यावर 1850 च्या दशकात वरच्या टेकडीवर शहरातल्या सुखवस्तू लोकांसाठी उन्हाळी घरांचे प्लॉट पाडले गेले. सकाळी गाडीने शहरात कामाला जायचं आणि संध्याकाळी झाडीत परतायचं, अशी ही अमेरिकेतल्या सुरुवातीच्या रेल्वे उपनगरांपैकी एक वस्ती होती. शतकाअखेरीला तिथे रहिवाशांचा क्लबही होता. बाल्टिमोर महापालिकेच्या हद्दीत हा भाग थेट पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आला. म्हणजे लॅक्रॉस संघ उभा राहिला तेव्हा माउंट वॉशिंग्टन शहराबाहेरच होतं.

1904 आणि ‘फादर बिल’

संघाची स्थापना 1904 ची. त्याच वर्षी सेंट लुईसच्या ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस पहिल्यांदा खेळला गेला आणि कॅनडाच्या विनिपेग शॅमरॉक्स संघाने सुवर्ण जिंकलं. बाल्टिमोरच्या या नव्या संघामागचा मोठा माणूस म्हणजे विल्यम शमायसर. हॉपकिन्सकडून खेळलेले, पुढे हॉपकिन्सचेच प्रशिक्षक झालेले शमायसर अवघ्या लॅक्रॉस जगात ‘फादर बिल’ म्हणून ओळखले जात. विद्यापीठ आणि क्लब या दोन्हीकडे त्यांचा पाय असल्यामुळे इकडचा खेळाडू तिकडे जाणं ओघाने होत गेलं.

क्लबची खरी ताकद त्याच्या रचनेत होती, असं मला वाटतं. खेळाडूंना पैसे मिळत नसत. कुणी वकील, कुणी विमा कंपनीत, कुणी शाळेत शिक्षक. दिवसाचं काम सांभाळून ते नॉरिस फील्डवर सरावाला येत. विद्यापीठाचा संघ दर चार वर्षांनी नवा होतो. क्लबात मात्र तेच बचावपटू अनेक हंगाम शेजारी-शेजारी खेळत, आणि एकमेकांच्या हालचाली न पाहताही ओळखत. 1920 च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षं देशातल्या खुल्या क्लब अजिंक्यपदावर या संघाची पकड राहिली, ती यामुळे. कॉलेजांचे बलाढ्य संघही मोसमात या क्लबाशी सामने ठेवत. वीस वर्षांच्या मुलाला तिशीतल्या मुरलेल्या खेळाडूकडून जे शिकायला मिळतं, ते त्याच्या वयाच्या प्रतिस्पर्ध्याकडून मिळत नाही. अशा सामन्यांत कॉलेजचा संघ हरला तरी रिकाम्या हाताने परतत नसे.

जॅक टर्नबुल

या क्लबच्या खेळाडूंमध्ये भारतीय वाचकाला जवळचा वाटेल असा एकजण आहे. जॅक टर्नबुल हॉपकिन्सचा आक्रमक. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस प्रदर्शनीय खेळ होता. हॉपकिन्सने अमेरिकेच्या वतीने कॅनडाला तीन सामन्यांत 2-1 असं हरवलं, त्या संघात तो होता. पदवीनंतर तो माउंट वॉशिंग्टनकडून खेळला. चार वर्षांनी, 1936 मध्ये, तो बर्लिन ऑलिंपिकला गेला तो हॉकीपटू म्हणून. त्या स्पर्धेत ध्यानचंद यांच्या भारतीय संघाने अमेरिकेला 7-0 असं हरवलं. दुसऱ्या महायुद्धात टर्नबुल बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक झाला आणि 1944 मध्ये युरोपात मारला गेला. आज अमेरिकी कॉलेज लॅक्रॉसमधल्या सर्वोत्तम आक्रमकाला त्याच्या नावाचा आणि सर्वोत्तम बचावपटूला शमायसर यांच्या नावाचा पुरस्कार देतात.

ज्यांना जागा नव्हती

या वैभवाला एक कुंपण होतं. 1910 मध्ये बाल्टिमोरने कृष्णवर्णीयांनी कुठल्या गल्लीत राहायचं आणि कुठल्या नाही, हे ठरवणारा वटहुकूम काढला. देशातला तो पहिलाच. अशाच एका कायद्यावरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1917 साली असे कायदे रद्द ठरवले, तरी शाळा आणि वस्त्या पुढची कित्येक दशकं वेगळ्याच राहिल्या. लॅक्रॉस खासगी शाळांतून येणार आणि त्या शाळा गोऱ्यांच्या, मग क्लबही तसाच असणार. याच शहरातल्या मॉर्गन स्टेट या कृष्णवर्णीय विद्यापीठाने 1970 च्या सुमारास संघ उभारला, आणि 1975 मध्ये त्याने वॉशिंग्टन अँड ली या मातब्बर संघाला त्याच्याच मैदानावर हरवलं. गुणवत्ता बाल्टिमोरमध्ये सगळीकडे होती. काठी मात्र ठरावीक हातांतच पोचत होती.

काठीचा प्रश्न खराच मोठा होता. लाकडी काठ्या बहुतेक मोहॉक, म्हणजे होडेनोशोनींच्या सहा राष्ट्रांपैकी एकातले, कारागीरच घडवत. सेंट लॉरेन्स नदीतल्या कॉर्नवॉल बेटावरचा त्यांचा मोठा कारखाना 1968 मध्ये जळाला आणि सगळीकडे काठ्यांचा तुटवडा पडला. 1970 मध्ये एसटीएक्स या बाल्टिमोरच्याच कंपनीने प्लास्टिकचं डोकं असलेली काठी आणली. सगळ्या काठ्या एकसारख्या, हलक्या आणि भरपूर निघू लागल्या. खेळ नव्या राज्यांत झपाट्याने पसरला, आणि मोहॉक कारागिरांच्या हातचं काम गेलं.

क्लबची ओहोटी

1971 पासून विद्यापीठांची राष्ट्रीय बाद फेरी सुरू झाली; पहिल्या अंतिम सामन्यात कॉर्नेलने मेरीलँडला 12-6 असं हरवलं. आता कॉलेजांच्या वेळापत्रकात प्रत्येक सामना त्या स्पर्धेच्या हिशेबाने ठरू लागला आणि क्लबांशी होणारे सामने मागे पडले. लाँग आयलंड आणि इतर ठिकाणचे क्लब तोडीस तोड झाले. 1987 मध्ये बंदिस्त मैदानावरची व्यावसायिक साखळी स्पर्धा आली, आणि पहिलं अजिंक्यपद बाल्टिमोर थंडरने पटकावलं. पदवीधर खेळाडूला पैसे मिळतील असं दुसरं दार उघडलं होतं. माउंट वॉशिंग्टनची गरज ज्या उणिवेतून निर्माण झाली, ती उणीवच उरली नाही.

लॉस एंजेलिस 2028

2028 च्या ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस सहा-सहा खेळाडूंच्या स्वरूपात परत येतो आहे. होडेनोशोनी आपल्या झेंड्याखाली 1990 पासून जागतिक स्पर्धेत खेळतात, आणि त्यांचा संघ जगातल्या सर्वोत्तम संघांत गणला जातो. 2010 मध्ये ब्रिटनने त्यांचे स्वतःचे पासपोर्ट नाकारले, तेव्हा दुसऱ्या देशाचे पासपोर्ट घेण्याऐवजी त्यांनी मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेवर पाणी सोडलं. ऑलिंपिकचा नियम असा, की मान्यताप्राप्त राष्ट्रीय ऑलिंपिक समितीनेच संघ पाठवायचा, आणि होडेनोशोनींची तशी मान्य समिती नाही. 1967 साली टोरोंटोत एका उपनगराच्या क्लबला अख्खा देश म्हणून उतरू देण्याइतकी मोकळीक याच खेळात होती. ज्यांनी हा खेळ जगाला दिला, त्यांच्यासाठी ती सापडू नये, हे मला मुळीच पटत नाही.