डिजिटल राखण – भाग ७ : पासवर्ड सारखा बदलू नका, लांब ठेवा

गेल्या आठवड्यात आपण ओटीपी पाहिला. ओटीपी हा खात्याच्या दाराचा दुसरा अडसर. पहिला अडसर पासवर्डचा, आणि त्याच्याबद्दलच आपल्याकडे सर्वांत जास्त चुकीच्या समजुती आहेत. एक मोठे अक्षर, एक आकडा, एक चिन्ह आणि दर ९० दिवसांनी नवा पासवर्ड, हा नियम बँकांपासून कॉलेजांपर्यंत अजून अनेक ठिकाणी चालतो. माझे स्पष्ट मत आहे की या नियमाने सुरक्षितता वाढण्याऐवजी कमी होते.

हा नियम आला कुठून? ‘निस्ट’ ही अमेरिकेतील मानके ठरवणारी सरकारी संस्था. तिथल्या बिल बर यांनी २००३ मध्ये पासवर्डविषयीची मार्गदर्शिका लिहिली. लोक प्रत्यक्षात कसे पासवर्ड ठेवतात याची पुरेशी माहिती तेव्हा त्यांच्या हाती नव्हती. तरीही जगभरच्या कंपन्यांनी ती प्रमाण मानली. निवृत्तीनंतर २०१७ मध्ये बर यांनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’शी बोलताना त्या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी निस्टने आपली भूमिका बदलली: ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती करू नका, लांबी वाढू द्या. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजसाठीच्या शिफारशींतून मुदतीची अट काढून टाकली.

सक्तीचा बदल का फसतो, हे आपल्याला अनुभवाने माहीत आहे. मुदत संपली की गणेश@१ चे गणेश@२ होते, मग गणेश@३. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये तिथल्या जुन्या खात्यांचे मुदत संपलेले पासवर्ड तपासले. आधीचा पासवर्ड माहीत असेल, तर सुमारे १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाचांहून कमी प्रयत्नांत ओळखता येत होता. म्हणजे ज्या चोराला रोखण्यासाठी बदल करायचा, त्यालाच तो बदल ओळखता येतो.

खरा धोका वेगळा आहे. तो म्हणजे एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरणे. एखाद्या साध्या खरेदीच्या साइटवरून यादी चोरीला जाते आणि चोर तीच ईमेल-पासवर्डची जोडी इतर शेकडो साइटवर यंत्राने लावून पाहतात. २०१२ मध्ये ‘ड्रॉपबॉक्स’ या फाइली साठवण्याच्या ऑनलाइन सेवेत जी माहितीची चोरी झाली, तिच्या मुळाशी एका कर्मचाऱ्याने दुसरीकडेही वापरलेला पासवर्ड होता. पुढे २०१६ मध्ये तिथल्या ६ कोटी ८० लाखांहून अधिक खात्यांची माहिती बाहेर आल्याचे उघड झाले. तुमचा पासवर्ड कितीही अवघड असो, तो दोन ठिकाणी असेल तर त्यातल्या दुबळ्या साइटइतकाच तो सुरक्षित.

मग करायचे काय? आधी लांबी. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये ‘डायसवेअर’ ही पद्धत मांडली. ७७७६ शब्दांची यादी घ्यायची आणि फासे टाकून शब्द निवडायचे. पाच फाशांच्या दानाला एक शब्द. असे पाच शब्द जोडले, तर आठ छोट्या इंग्रजी अक्षरांच्या पासवर्डपेक्षा सुमारे १३ कोटी पट अधिक शक्यता तपासाव्या लागतात. मराठी माणसाने जाड शब्दकोश घ्यावा, कुठलेही पान उघडून शब्द उचलावेत आणि ते रोमन लिपीत टाइप करावेत. कोयता, लिफाफा, पेरू, सावकार, धुके, असे काहीतरी. शब्दांचा एकमेकांशी संबंध नसावा. मुलांची नावे, अभंगाची ओळ, सिनेमाचे संवाद टाळावेत, कारण चोरांच्या याद्यांत प्रसिद्ध ओळीही असतात.

मात्र असे वाक्य दोन-तीन खात्यांपुरतेच लक्षात राहते. बाकीच्यांसाठी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलपात सांभाळणारे ॲप वापरा. बिटवॉर्डन आणि कीपास यांचा सोर्स कोड खुला आहे आणि दोन्ही फुकट वापरता येतात. मॅनेजर प्रत्येक साइटसाठी वेगळा पासवर्ड तयार करतो. शिवाय तो साइटचा पत्ता जुळवून पाहतो. हुबेहूब बँकेसारख्या दिसणाऱ्या बनावट पानावर तो आपणहून पासवर्ड भरत नाही. आपले डोळे फसतात तिथे हा उपयोग मोठा.

घरातल्या ज्येष्ठांना मॅनेजर जड जात असेल, तर वहीत लिहून ती कपाटात ठेवू द्या. यावर अनेक जाणकार नाक मुरडतात, पण मला हे पटते. परदेशात बसलेल्या चोराला तुमच्या कपाटातली वही वाचता येत नाही. फक्त एटीएमचा आणि यूपीआयचा पिन त्या वहीत नको.

पासवर्ड बदलावा तो कारण असेल तेव्हा: तो फुटल्याचे कळले, कुणाला सांगितला गेला, फोन हरवला. ऑस्ट्रेलियाच्या ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर आपला ईमेल टाकला, की तो कोणकोणत्या उघड झालेल्या चोऱ्यांत सापडला हे दिसते.

सुरुवात ईमेलपासून करा. इतर बहुतेक खात्यांचे ‘पासवर्ड विसरलात?’चे दुवे तिथेच येतात, म्हणून ईमेल गेला की सगळेच धोक्यात येते. या रविवारी त्या एका खात्याला लांब आणि इतर कुठेही न वापरलेला पासवर्ड द्या. आणि तुमच्या कार्यालयात अजून ९० दिवसांचा नियम असेल, तर हा लेख आयटी विभागाला जरूर दाखवा.

पुढील आठवड्यात : पासवर्डची जागा घेऊ पाहणारी ‘पासकी’.