डाव्या डोळ्याची सहावी नस

अचानक दोन-दोन दिसायला लागलं, की आधी तळहाताने एक डोळा झाका. मग तो उघडा आणि दुसरा झाका. कोणताही एक डोळा झाकल्यावर एकच दिसत असेल, तर दोन्ही डोळे आपापल्या परीने ठीक पाहताहेत, पण दोघांचा नेम एका जागी लागत नाही. बिघाड डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत, त्यांच्या नसांत किंवा त्याही मागे मेंदूत असतो. एक डोळा झाकूनही दुसऱ्याने दोन दिसत असतील, तर दोष बहुतेक त्या डोळ्यातच असतो. मोतीबिंदू असेल, बुबुळाचा वेडावाकडा आकार असेल, नाहीतर नुसता कोरडेपणा.

एवढी साधी परीक्षा, पण धाराशिवच्या नेत्रविभागात पोचेपर्यंत ती मला कोणी करायला सांगितली नव्हती. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला गेला, औषधाच्या दुकानातून ताकदीच्या गोळ्या मिळाल्या, घरी दृष्ट काढून झाली. आपल्या भागात अजूनही असंच होतं. ‘दोन दोन दिसायलंय’ म्हणणाऱ्याला ‘अशक्तपणा असंल, ऊन लागलं असंल’ म्हणून गप्प बसवतात. यात जो वेळ जातो, त्याची मला मनापासून चीड येते.

मी तुळजापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. साखरेचं दुखणं जुनंच. वर्गात मागच्या भिंतीपाशी उभा होतो आणि फळ्यावर गणित सोडवणाऱ्या मुलीचं प्रत्येक ओळीतलं उत्तर दोनदा दिसायला लागलं, एकमेकांशेजारी, थोडं अंतर सोडून. हातातली वही मात्र स्वच्छ, एकेरी. डावीकडच्या खिडकीकडे पाहिलं की अंतर वाढायचं, उजवीकडे पाहिलं की मिटायचं. मान आपोआप डावीकडे वळायला लागली, कारण तशी वळवली की दोन्ही फळे एक व्हायचे.

नेत्रविभागात हे सगळं मी सांगत होतो, तेव्हा तिथल्या डॉक्टरबाई लिहून घेत होत्या आणि एकेका वाक्यावर मान हलवत होत्या. लांबचं दोन, जवळचं एक. आडवं दोन, वरखाली नाही. डावीकडे जास्त. त्यांच्या दृष्टीने निम्मं निदान तिथेच झालं होतं. मग त्यांनी माझी हनुवटी धरून ठेवली आणि छोटी बॅटरी इकडून तिकडे, वर, खाली फिरवली. नुसती नजर बॅटरीमागे न्यायची, मान हलवायची नाही. उजवा डोळा दोन्ही टोकांना गेला. डावा नाकाकडे व्यवस्थित गेला, पण बाहेरच्या बाजूला अर्ध्या वाटेत थांबला. त्यांनी शेजारच्या शिकाऊ डॉक्टरला बोलावून दाखवलं, की बाहेरच्या कोपऱ्यात पांढरं उरतंय बघ, ते झाकलं जायला हवं होतं.

यानंतर माझ्या उजव्या डोळ्यासमोर लाल काच आली. बॅटरी एकच, पण मला दोन दिवे दिसत होते, एक लाल आणि एक पांढरा. लाल उजव्या डोळ्याचा, पांढरा डाव्या डोळ्याचा. पांढरा डावीकडे होता. बॅटरी डावीकडे सरकवली, तसा तो लालपासून आणखी दूर गेला. ‘कडेला, लांब पळणारा दिवा आजारी डोळ्याचा,’ बाई म्हणाल्या. डोळा आत वळलेला असतो, म्हणून उजेड पडद्यावर नाकाकडच्या भागात पडतो. तिथे पडलेलं सगळं बाहेरच्या बाजूला आहे असं मेंदूने जन्मभर मानलेलं असतं. म्हणून तो वस्तू तिथे नसताना तिथे दाखवतो. बॅटरी, रंगीत काच आणि नेमके प्रश्न यांच्या जोरावर त्यांनी सहाव्या नसेपर्यंत माग काढला. यंत्रांची पाळी नंतर आली.

प्रत्येक डोळ्याला फिरवणारे 6 स्नायू असतात आणि त्यांना चालवणाऱ्या नसा 3. सहावी नस एकाच स्नायूसाठी असते, डोळा बाहेर नेणाऱ्या. चौथी नस बिघडली की वरखाली किंवा तिरपं दोन दिसतं, जिना उतरताना आणि वाचताना जास्त. तिसरी बिघडली की पापणी पडते आणि डोळा खाली-बाहेर वळतो. मधुमेहात आणि रक्तदाबात या नसांना रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पडतात. त्यातून आलेला बिघाड बहुधा 3 महिन्यांच्या आसपास आपोआप भरून येतो. पण सहावी नस मेंदूच्या बुडाशी निघून कवटीच्या हाडावर वळण घेत जाते, त्यामुळे डोक्यात कुठेही दाब वाढला तरी ती दबते. गाठ असो की क्षयाचा मेंदूज्वर, तो या नसेवाटे डोळ्यात दिसू शकतो. म्हणून साखर आणि रक्तदाब तपासून झाल्यावर मला सोलापूरला मेंदूच्या एमआरआयसाठी पाठवलं. लहान मुलाला असं झालं तर थांबायचंच नाही, हेही बाईंनी माझा पेशा कळल्यावर मुद्दाम सांगितलं.

काही वेळा तर दवाखान्याच्या वेळेची वाट पाहणंही धोक्याचं असतं. पापणी पडली, त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली आणि डोकं जीवघेणं दुखतंय, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलेला असू शकतो. बोलणं जड झालं, तोल जातोय, एक बाजू बधिर आहे, तर तो पक्षाघात असू शकतो. त्यातली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आणि आपल्या शेतवस्त्यांवर तिसरी गोष्ट आहे, मण्यार. हा साप रात्री अंथरुणात येतो, चावल्याचं फारसं दुखत नाही, खूणही अनेकदा सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, दोन-दोन दिसतं, गिळताना अडकतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. जमिनीवर झोपलेला माणूस असा उठला, तर साप दिसला की नाही हे विचारत बसू नये. 108 ला फोन करून प्रतिविष आणि कृत्रिम श्वासाची सोय असेल तिथे न्यावं. पहाटेची वेळ म्हणून उजाडण्याची वाट पाहिलेली घरं मला माहीत आहेत.

माझा एमआरआय स्वच्छ निघाला. राहिलं ते वाट पाहणं आणि साखर आवरणं. डॉक्टरांनी चष्म्याच्या डाव्या काचेवर धुरकट चिकटपट्टी लावून दिली. डोळा उघडा राहतो, उजेड कळतो, दुसरी प्रतिमा मात्र पुसली जाते. पण एका डोळ्याला खोली नीट कळत नाही. चहा कपाच्या बाहेर सांडतो, पायरीची कड फसवते. तुळजाभवानीच्या देवळात राजे शहाजी महाद्वारातून आत गेलं की पायऱ्या उतरतच जावं लागतं. तिथे मी भिंतीला हात लावून, पाऊल आधी चाचपून उतरायचो. मागचे भाविक ‘चला की काका’ म्हणायचे.

मोटारसायकल बंद केली, एसटीने जायला लागलो. पट्टी काढून रोज शाळेच्या ओट्यावरच्या एकाच फरशीवर उभा राहायचो आणि मैदानातल्या ध्वजस्तंभाकडे पाहायचो. दोन स्तंभांत किती अंतर दिसतं ते वहीत मांडायचो. डॉक्टरबाई ती वही आवर्जून बघत, कारण अंतर कमी होतंय याचा अर्थ नस उठतेय. ते वाढलं असतं, पापणी पडली असती किंवा डोकं दुखलं असतं, तर पुन्हा शोध सुरू. 6 महिन्यांतही डोळा सरळ झाला नसता, तर चष्म्यात प्रिझम किंवा स्नायूची शस्त्रक्रिया हे मार्ग होते.

तशी पाळी आली नाही. आधी वर्गातला फळा एक झाला, मग ध्वजस्तंभ. डाव्या कोपऱ्यातलं दोनपण सगळ्यात शेवटी गेलं, आणि तिथली बॅटरीही एकच दिसते हे पाहिल्यावरच बाईंनी गाडी चालवायला परवानगी दिली.