शाळा सुटल्यावर मुलाने काय करावे?

दहावीची परीक्षा झाली की खेड्यातील अनेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो. मुलगा शेतात उतरण्यास राजी नसतो आणि नोकरी तर दृष्टिपथात नसते. दोष बहुधा मुलावरच ठेवला जातो. वस्तुतः दहा वर्षे ज्याच्या हाती पुस्तकाखेरीज काही दिले नाही, त्यास कामाची गोडी अकस्मात कोठून लागावी?

हा विचार आपल्याकडे नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि श्रम करून शिकण्याची प्रथा रुजविली. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगाच्या द्वारे शिक्षणाची योजना मांडली. पुढे डॉ. श्रीनाथ कलबाग ह्या शास्त्रज्ञाने १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ ह्या अवर्षणप्रवण गावी विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे आखलेल्या अभ्यासक्रमात शाळेतील मुले आठवड्यातून एक दिवस हाताने काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य हे चारही विभाग मुलगे व मुली ह्यांना सारखेच असतात. शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रमही आहे.

ह्या पद्धतीचे मर्म एका उदाहरणाने ध्यानी येईल. गाईस जंताचे औषध द्यावयाचे तर मात्रा तिच्या वजनावर ठरते, आणि गाय काट्यावर कोण चढविणार? मोजपट्टीने छातीचा घेर इंचांत मोजावा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागील हाडापर्यंत लांबी घ्यावी. घेराच्या वर्गास लांबीने गुणून ६६० ने भागले असता किलोग्रॅममध्ये अंदाजी वजन मिळते. घेर ६० इंच व लांबी ५० इंच असल्यास ते सुमारे २७३ किलोग्रॅम भरते. वर्ग, गुणाकार, भागाकार सारे पुस्तकातलेच. परंतु येथे उत्तर चुकले तर जनावरास औषध कमी वा अधिक जाते. अशी जबाबदारी फळ्यावरच्या गणितात नसते.

अर्थात आठवड्यातील एका दिवसाने कोणी कारागीर होत नाही. आपला हात कशात चालतो, एवढे मात्र मुलास कळते, आणि पुढील निवडीस तेच उपयोगी पडते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेस अशी खरी कामे सुचवावीत : ग्रामपंचायतीचे मोडके फाटक, माती परीक्षणासाठी नमुने घेणे, रोपवाटिका. मोबदला, थोडा का होईना, द्यावा; फुकटच्या कामाची तपासणी कोणी कसून करीत नाही.

पुढे शिकू इच्छिणाऱ्यांस औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तसेच १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये कारखान्यात विद्यावेतनासह काम शिकता येते. अर्ज भरण्यापूर्वी मुलास जवळच्या संस्थेची कर्मशाळा एकदा चालू असताना दाखवून आणावी. व्यवसायाचे केवळ नाव वाचून निवड करणारा मुलगा मध्येच सोडून येण्याचा संभव अधिक असतो.