थांबली की तापते!

मुलांनो, उसाचा हंगाम सुरू झाला की कुंडलचे रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरून जातात. साखर कारखाना गावातलाच! मोटारीला ट्रॉलीमागून गोगलगायीसारखं जावं लागतं. अशा वेळी तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. तो वर चढत गेला आणि मोकळा रस्ता लागताच खाली आला, तर रेडिएटरचा पंखा बहुधा बंद पडलाय.

असं कसं? इंजिनाची उष्णता घेऊन पाणी (खरं तर कुलंट मिसळलेलं) रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरतं. त्याला फिरवतो एक छोटा पंप. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलशेजारी वसवलेल्या किर्लोस्करवाडीत पंप बनतात ना, त्यांचाच हा धाकटा भाऊ! मोटार पळत असली की समोरचा वारा नळ्या गार करतो. ती थांबली की वारा विजेच्या पंख्याने ओढायचा. बऱ्याच मोटारींत पाणी ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं की हा पंखा आपोआप सुरू होतो. पुढचा ट्रॅक्टर मात्र मजेत असतो, कारण त्याचा पंखा बहुधा पट्ट्याने इंजिनालाच जोडलेला असतो!

पंखा फिरत नाही म्हणून लगेच नवा आणू नये. इंजिन गार असताना पाण्याची पातळी बघावी, मग फ्यूज. त्यानंतर मेस्त्री पंख्याच्या मोटरला बॅटरीतून थेट वीज देऊन बघतात. फिरला, तर दोष रिले, सेन्सर किंवा वायरमध्ये. नाहीच फिरला, तर बदलायचा. आधी बॅटरीची ऋण तार सोडवायची, मग चौकटीचे बोल्ट काढून रेडिएटरच्या नाजूक पत्र्यांना धक्का न लावता पंखा उचलायचा. नवा बसला की गंमत बघा. पंखा रेडिएटरच्या मागे असेल, तर पुढच्या बाजूने धरलेला कागद जाळीला चिकटतो. उडून गेला, तर तारा उलट्या जोडल्यात!

आता आई-बाबांनाही वाचून दाखवा. इंजिन बंद असलं तरी काही मोटारींत पंखा अचानक फिरू लागतो, तेव्हा बोटं लांब! आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका. आत दाब असल्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब जातो आणि वाफेचा फवारा थेट तोंडावर येतो. काटा चढला की मोटार कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि ते चांगलं गार होईपर्यंत उसाच्या ट्रॉल्या मोजत बसायचं.