आधी गाणे, मग अक्षर

नोकरीच्या निमित्ताने मोहालीत आलेल्या मराठी कुटुंबातील मुलाच्या कानांवर दिवसभरात चार भाषा पडतात. घरात मराठी, शेजारी पंजाबी, बाजारात हिंदी आणि शाळेत इंग्रजी. एवढ्या भाषांत मूल गोंधळून जाईल, या भीतीने काही आईवडील घरातली मराठीच बंद करून टाकतात. मग सुटीत गावी गेल्यावर आजीचे बोलणे नातवाला कळत नाही आणि नातवाचे आजीला.

वास्तविक ही भीती अनाठायी आहे. लहान मूल एकाच वेळी दोन-तीन भाषा शिकू शकते. मात्र प्रत्येक भाषा त्याच्या कानांवर भरपूर आणि आनंदाने पडायला हवी. त्यासाठी गाण्याइतके सोपे साधन दुसरे नाही.

कान तयार, तर वाचन सोपे

बोलताना शब्द एकमेकांना चिकटून येतात. गाण्यात मात्र ते सुटे होतात, ठेक्यावर पडतात आणि यमकामुळे सारखे ध्वनी लक्षात राहतात. पुढे वाचताना हाच तयार कान उपयोगी पडतो. ब्रिटनमधील लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी चार-पाच वर्षांच्या सुमारे 400 मुलांचा अभ्यास करून 1983 मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांना यमकाचे व सारख्या ध्वनींचे शब्द आधीपासून ओळखता येत होते, ती मुले पुढे वाचनात सरस ठरली.

आपल्या लिप्यांना तर हे फारच सोयीचे आहे. 'मोहाली' म्हणताना तीन टाळ्या वाजतात आणि कागदावरही तीनच अक्षरे उमटतात.

पंजाबीत तर सुरावरून अर्थ बदलतो. 'घोडा' हा शब्द तेथे 'कोडा'सारखा, पण खालच्या सुरात उच्चारतात. सूर सपाट राहिला, तर त्याचा अर्थ चाबूक होतो! पंजाबमधील शाळांत 2008 च्या कायद्यानुसार पहिली ते दहावी पंजाबी सक्तीची आहे. म्हणून लोहडीला गाणी म्हणत घरोघर फिरणाऱ्या मुलांत आपल्या मुलालाही जरूर पाठवा. घरी भोंडल्याची गाणी शिकवा. एक भाषा दुसरीला मारक ठरत नाही.

घरी काय करावे?

अंघोळ घालताना, जेवू घालताना, झोपवताना रोज तीच दोन-चार बडबडगीते म्हणा. मुलाला पाठ झाली, की ओळीचा शेवटचा शब्द गाळा आणि तो त्याला म्हणू द्या. नावांवर टाळ्या वाजवा. चार वर्षांच्या सुमारास तेच गाणे मोठ्या अक्षरांत लिहा आणि गाताना प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवा. ओठांवरचे गाणे कागदावर दिसते, तेव्हा वाचनाची गोडी लागते. आवाज चांगला नाही, म्हणून संकोच करू नका. मुलाला तुमचाच आवाज हवा असतो.

मोबाइलवर गाणी लावून देणे मात्र याला पर्याय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार एक वर्षाखालील बाळाला स्क्रीन अजिबात दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून एक तासाहून अधिक नको.

दोन वर्षांचे होऊनही मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल किंवा हाकेला वळून पाहत नसेल, तर केवळ गाण्यावर विसंबू नका. डॉक्टरांकडून त्याचे कान तपासून घ्या.

रोजची दहा मिनिटे पुरेशी आहेत. पुढच्या सुटीत आजीने गाणे सुरू केले, की नातू ते पुरे करील.