दापोडीचं पाणी, खडकीचं मैदान : रोइंग आणि हॉकी आपल्या भागात रुजली कशी?

चाकणहून पुण्याकडे निघालं आणि नाशिक फाट्यावरून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागलं की दापोडीपर्यंत डाव्या हाताला लष्कराची हद्द लागते. कंपनीच्या बसमधून रोज हजारो जण ती भिंत बघत जातात. आत कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग म्हणजे सीएमई आहे, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याच हद्दीत पट्टीनं आखल्यासारखा सरळ पाण्याचा कालवा आहे आणि त्यावर सराव केलेली पोरं ऑलिम्पिकला जाऊन आली, हे खेड, मावळ, जुन्नरच्या गावांत फार कुणाला माहीत नसतं.

दापोडीला पवना नदी मुळेला मिळते. नदीच्या एका अंगाला दापोडी, दुसऱ्या अंगाला बोपोडी आणि खडकी. या दोन काठांवर दोन खेळ वाढले. अलीकडे होडी वल्हवण्याचा खेळ, ज्याला सगळे रोइंग म्हणतात, आणि पलीकडे हॉकी. दोन्ही खेळांना मोठं केलं ते लष्करानं आणि कारखान्यांनी. आपल्या तालुक्यांतल्या मुलांसाठी यात काय आहे, हे समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागतं.

आधी बंधारा, मग होडी

पुण्यात होड्यांची शर्यत आली ती इंग्रजांच्या लष्करी छावणीबरोबर. पण नुसते साहेब आले म्हणून नदीत होडी चालत नाही. आपल्या नद्या पावसाळ्यात दुथडी आणि उन्हाळ्यात खडक उघडे. होडीला बारमाही, संथ आणि पुरेसं खोल पाणी लागतं. ते मिळालं बंधाऱ्यामुळं. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५० च्या सुमारास मुळा-मुठेवर बंधारा बांधला गेला. उद्देश होता पुण्याला पिण्याचं पाणी देण्याचा. त्या बंधाऱ्यावरूनच आजच्या बंडगार्डनचं नाव पडलं. बंधाऱ्यामागं पाणी तुंबलं, लांबवर सपाट झालं आणि १८६८ साली तिथं बोट क्लब उभा राहिला. पुढं त्याला राणी व्हिक्टोरियाचा मुलगा ड्यूक ऑफ कनॉट याचं नाव मिळालं. रॉयल कनॉट बोट क्लब हाच तो. अर्थात तिथं होडीत बसणारे साहेब होते, किनाऱ्यावर होडी धरणारे आपले.

आपल्या माणसांच्या हातात वल्हं आलं ते कॉलेजमुळं. संगमाजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजनं, म्हणजे सीओईपीनं, १९२८ मध्ये स्वतःचा बोट क्लब सुरू केला. त्यांची रेगाटा, म्हणजे होड्यांचा उत्सव, आजही पुणेकर काठावर गर्दी करून बघतात. इंजिनिअर व्हायला आलेली खेड्यातली कितीतरी पोरं इथंच पहिल्यांदा होडीत बसली असतील.

पण नदीच्या भरवशावर खेळ किती टिकणार? शहरं वाढली, कारखाने वाढले. सांडपाणी पवनेत, इंद्रायणीत, मुळेत गेलं. त्या पाण्यावर जलपर्णी माजते. उन्हाळ्यात नदीवर हिरवा गालिचा पसरतो आणि त्यात वल्हं अडकतं. चाकण पट्ट्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, इंद्रायणीचा फेस टीव्हीवर दरवर्षी दिसतो. नदी मेली की आधी मासे जातात, मग भोई जातात, मग खेळही जातो.

कालवा सरळच का लागतो?

रोइंगची मोठी शर्यत दोन हजार मीटरची असते. सहा होड्या शेजारीशेजारी, प्रत्येकीची वेगळी लेन, लेनची रुंदी साधारण साडेतेरा मीटर. पाण्याला ओढ नको, वळण नको, वारा एका होडीला जास्त आणि दुसरीला कमी लागायला नको. हे सगळं नदीत जुळून येणं अवघड. धरणात पाणी भरपूर असतं, पण भामा आसखेड किंवा चासकमानचं उदाहरण घ्या. ऑक्टोबरमध्ये काठोकाठ भरलेलं पाणी मे महिन्यात किती आत गेलेलं असतं! शिवाय डोंगरातून येणारा वारा लाटा उठवतो. म्हणून जगभर या खेळासाठी मुद्दाम कालवे खोदतात. सीएमईतला कालवा तसा आहे आणि राष्ट्रीय स्पर्धा तिथं अनेकदा झाल्या आहेत.

याच कालव्यावर लष्कराचं आर्मी रोइंग नोड हे केंद्र चालतं. भरती झालेल्या जवानांमधून उंच, लांब हातापायांची, दमदार मुलं निवडायची आणि त्यांना शून्यापासून होडी शिकवायची, अशी तिथली पद्धत. हा खेळ उशिरा सुरू करूनही जमतो. क्रिकेटसारखं सहाव्या वर्षापासून बॅट धरलेली असावी लागत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे दत्तू भोकनळ. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव. दुष्काळी भाग. वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या, दगड फोडायचे. वडील गेले आणि घराचा भार मोठ्या मुलावर आला. २०१२ मध्ये तो लष्करात भरती झाला, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये. तोवर होडीत बसणं दूरच, सुरुवातीला पाण्याची भीती वाटायची, असं त्यानं स्वतः सांगितलेलं आहे. उंची आणि ताकद बघून प्रशिक्षकांनी त्याला होडीत बसवलं. अवघ्या चार वर्षांत, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये रोइंगला गेलेला तो एकटा भारतीय होता. एकट्याच्या होडीच्या प्रकारात तो तेरावा आला.

२०१८ च्या जकार्ता एशियाडमधला प्रसंग त्याहून सांगण्यासारखा. एकट्याच्या शर्यतीत त्याची ताकद संपली आणि तो सगळ्यात शेवटी आला. अंगात ताप. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, चौघांच्या होडीची शर्यत होती. स्वर्ण सिंग, ओम प्रकाश, सुखमीत सिंग आणि दत्तू. चौघांनी ६ मिनिटं १७ सेकंदांत दोन हजार मीटर कापले आणि सुवर्णपदक आणलं. २०२० मध्ये दत्तूला अर्जुन पुरस्कार मिळाला.

त्यानंतरही दापोडीतून पोरं जात राहिली. टोकियोत अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग यांची जोडी अकरावी आली. हँगझोऊच्या एशियाडमध्ये भारताला रोइंगमध्ये पाच पदकं मिळाली. पॅरिसला बलराज पन्वर गेला. यांतले बहुतेक राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशातले शेतकऱ्यांचे मुलगे. कालवा आपल्या दारात आणि वल्हवायला माणसं हजार मैलांवरून येतात, ही गोष्ट जरा बोचायला हवी.

खेळ नेमका कसा?

होडीत खेळाडू पाठमोरा बसतो. जायचं त्या दिशेकडं पाठ, तोंड मागं. बसायची फळी रुळांवर मागंपुढं सरकते. बघणाऱ्याला वाटतं हातानं ओढतोय, पण खरा जोर पायांचा. पाय रेटायचे, मग पाठ, शेवटी हात. मोटेनं पाणी ओढलेल्या किंवा पोत्यांची थप्पी लावलेल्या माणसाला हे लगेच कळेल, कमरेतून ओढलं तर पाठ जाते. एकट्याची होडी सुमारे आठ मीटर लांब आणि वजन अवघं चौदा किलो, म्हणजे गव्हाच्या अर्ध्या गोणीपेक्षा हलकी. तोल गेला की पाण्यात. म्हणून पोहता येणं सक्तीचं. पाण्यावर जाण्याआधी मशीनवर सराव करून घेतात, आणि दोन हजार मीटरला किती वेळ लागला यावरच बरीचशी निवड होते. म्हणजे होडी नसली तरी कुणात दम आहे हे गावातल्या जिममध्येही कळू शकतं.

पलीकडच्या काठाची हॉकी

आता पूल ओलांडून खडकीत. इथं १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, छावणी आहे. कामासाठी दक्षिणेतून आलेली कुटुंबं इथल्या चाळींत आणि क्वार्टर्समध्ये राहिली. साहेबांचा आणि फौजेचा खेळ म्हणून हॉकी आली आणि कामगारांच्या पोरांनी ती आपली केली.

धनराज पिल्ले याच खडकीतला. जन्म १६ जुलै १९६८. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची निगा राखायचे. घरात नव्या स्टिकला पैसे नव्हते. मोडक्या स्टिका दोरीनं बांधून भाऊ-भाऊ खेळायचे. तोच धनराज चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक आणि चार एशियाड खेळला. १९९८ मध्ये बँकॉकला तो कर्णधार असताना भारतानं एशियाडचं सुवर्ण जिंकलं, तब्बल ३२ वर्षांनी. आणि मुलींचं म्हणाल तर त्याच्याही आधी, १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलेल्या महिला संघाची कर्णधार पुण्याचीच होती, एलिझा नेल्सन.

मग हॉकी मागं का पडली? एक कारण पायाखालचं. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी कृत्रिम गवतावर सुरू झाली. त्या वर्षी भारत सातवा आला. मातीवर चेंडू उसळतो, थांबतो, म्हणून आपले खेळाडू मनगटाच्या करामतीवर खेळायचे. कृत्रिम मैदानावर चेंडू सुसाट पळतो, तिथं पळण्याचा दम लागतो. असं मैदान घालायला कोट्यवधी रुपये लागतात आणि सामन्याआधी त्यावर हजारो लिटर पाणी मारावं लागतं. ज्या गावात एप्रिलमध्ये टँकर येतो तिथं हे कसं परवडणार? त्यामुळं हॉकी शहरात, आणि तीही एखाद-दुसऱ्या मैदानापुरती अडकली.

आपल्या बाजूला असं मैदान आहे पिंपरीत, नेहरूनगरला. महापालिकेचं मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम. डिसेंबर २०२१ मध्ये पुरुषांची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा तिथं झाली, देशभरातले संघ आले होते. चाकणहून ट्रॅफिक नसेल तर पाऊण-एक तासाचं अंतर. ट्रॅफिक नसेल तर, हे वाक्य नाशिक हायवेवर कितपत खरं धरायचं ते वाचकांनी ठरवावं.

गावातल्या पोरानं जायचं कुठून?

हॉकीचा रस्ता त्यातल्या त्यात सोपा. शाळांच्या स्पर्धांमध्ये हॉकी आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत शाळेनं नोंद केली की जिल्हा, विभाग, राज्य असा क्रम लागतो. अकरा पोरं आणि अकरा स्टिका जमवणं हेच खेड्यातल्या शाळेला जड जातं, पण पुरंदर, फलटण भागातल्या शाळांना जमतं ते आपल्याला का जमू नये? दुसरा मार्ग राज्य सरकारच्या निवासी क्रीडा प्रबोधिनीचा. पुण्यात बालेवाडीला तिचं हॉकीचं केंद्र नावाजलेलं. फलटण तालुक्यातल्या आसू गावची शेतकरी घरातली वैष्णवी फाळके तिथूनच घडली आणि हँगझोऊ एशियाडमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात खेळली.

रोइंगचं तसं नाही. सीएमईचा कालवा लष्करी हद्दीत, तिथं कुणीही उठून जाऊ शकत नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. आत जायचे रस्ते दोन. एक, आधी फौजेत भरती व्हायचं आणि तिथं खेळासाठी निवड होण्याची तयारी ठेवायची. दत्तू तसाच गेला. दुसरा, लष्कराच्या बॉइज स्पोर्ट्स कंपन्या. साधारण ८ ते १४ वयाची मुलं चाचणी घेऊन निवडतात, शाळा, राहणं, खाणं आणि प्रशिक्षण लष्कर बघतं, वय झालं आणि अटी पूर्ण केल्या की भरतीची संधी मिळते. कोणत्या केंद्रात कोणता खेळ आहे हे वेगवेगळं असतं, त्यामुळं जाहिरात नीट वाचूनच मुलाला न्यावं. लष्कराबाहेर शिकायचं तर कॉलेजचे बोट क्लब आहेत. पुण्यात सीओईपी, नाशिकला गोदावरीवर केटीएचएम कॉलेजचा.

नोकरीचं विचाराल तर राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण नुसतं भाग घेतल्याचं प्रमाणपत्र चालत नाही. ठरलेल्या पातळीच्या स्पर्धेतलं यश लागतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयातून होते. खोट्या प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात उघडकीस आली, लागलेल्या नोकऱ्या गेल्या. स्पोर्ट्स कोट्यातून फौजेत लावतो म्हणून पैसे मागणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं. चाचणीला फी नसते, आणि मशीनवरचा वेळ कुणाच्या ओळखीनं कमी होत नाही.

राहिला प्रश्न पाण्याचा. खेड तालुक्यात दोन मोठी धरणं, मावळात पवना, आंद्रा, वडिवळे. दोन हजार मीटरची आंतरराष्ट्रीय लेन तिथं बसणार नाही, पण पाचशे मीटर सरळ पाणी सप्टेंबर ते फेब्रुवारी सहज मिळतं, आणि लहान मुलांना होडीत बसायला शिकवायला तेवढं पुरतं. त्यासाठी पाटबंधारे खात्याची परवानगी, लाइफ जॅकेट, सुरक्षेची एक मोटरबोट आणि एक जाणता प्रशिक्षक लागतो. दापोडीहून निवृत्त होणारे जवान दरवर्षी आपापल्या गावी परत जातात. त्यातला एखादा धरणाच्या काठच्या गावचा निघाला, तर ग्रामपंचायतीनं त्याला आधी शाळेच्या वर्गात नाही, पाण्याच्या काठावर बोलवावं.